शामकलाबाईंची उलटी फिरणारी लेन्स

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवरून स्टेशनकडे चालायला लागलं, की डाव्या हाताला एक निळं शटर लागतं. वर पाटी आहे, 'शामकला फोटो'. आत एक स्टूल, स्टुलामागे पांढरा पडदा, कोपऱ्यात आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेली एक फणी. तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी पासपोर्ट फोटोच्या आधी याच फणीनं भांग पाडलेला आहे. स्टुलावर बसलं की माणूस श्वास रोखतो, मान ताठ करतो आणि चोरासारखा दिसायला लागतो. अशा वेळी कॅमेऱ्यामागून एक शांत आवाज येतो.

"गाय कितीक दूध देते गा घरची?"

माणूस मनानं गोठ्यात जाऊन पोचतो, चेहरा सैल पडतो, आणि तेवढ्यात खटका वाजलेला असतो. हा आवाज शामकलाबाई नंदेश्वर यांचा.

पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावरच जास्त वेळ असलेल्या. त्यांचं माहेर गोंदियाचं, बिडी कामगारांच्या वस्तीतलं. आई बिड्या वळायची, आणि हाताची बोटं सरळ धरता यायला लागली तशी मुलगीही वळायला लागली. तेंदूचं पान कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, गुंडाळायचं, टोक मुडपायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. हे सगळं गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता. पान कोरडं आहे की सादळलेलं, हे बोटं सांगत. लग्न होऊन त्या अर्जुनीला आल्या. नवरा रेल्वेत गँगमन. घरी बसून कंटाळा आला म्हणून म्हातारे फोटोग्राफर श्यामलाल यांच्या दुकानात फोटो कापायच्या कामाला लागल्या. श्यामलालची नजर तेव्हा मंदावत चालली होती. एकदा त्यांनी कॅमेरा पुढे करून म्हटलं, "पाय तं बाई, समोरची पाटी वाचता येते का." शामकलाबाईंनी लेन्सवरची कडी दोन बोटांत धरली आणि पाटीवरची अक्षरं अशी अलगद जागेवर आणून ठेवली, की म्हाताऱ्यानं त्या दिवसापासून कडी त्यांच्याच हाती दिली. पुढं दुकानही त्यांच्याच हाती आलं.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटायची. लग्नात बाई फोटो काढणार? नवरदेवाचे मित्र मुद्दाम विचारायचे, "मावशी, आमाले खुर्चीवर उभं राहून काढाल का?" मावशी म्हणायच्या, "तुमीच बसा ना खाली. उभं राहून तसेही चांगले दिसून नाई राहिले." मग पोरं मुकाट बसायची. पुढं पुढं तर मुलीकडची माणसं शामकलाबाईंची तारीख मिळाल्याशिवाय मुहूर्त पक्का करेनात. नवरीच्या खोलीत त्या सहज जाऊ शकत. तिथं आई मुलीच्या केसांत गजरा माळते आणि गजऱ्याआड डोळे पुसते, ते चित्र आजवर कुणाच्या अल्बममध्ये नव्हतं. शामकलाबाईंनी ते आणलं.

आता त्या लेन्सची गोष्ट.

त्यांच्याकडे कॅननचा कॅमेरा. त्याला एक छोटी लेन्स आणि एक लांब पल्ल्याची झूम. नवेगावकडच्या एका वरातीत नाचणाऱ्या पोरांचा धक्का लागला, स्टँड आडवा झाला आणि झूमनं प्राण सोडला. नवी घेण्याची ऐपत नव्हती. त्या गाडीत बसल्या आणि गोंदियाला हेमेंद्रकडे गेल्या. रेल्वेपुलाजवळच्या गल्लीत हेमेंद्रचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. त्यात तो स्वतः आणि एक पंखा, एवढंच मावतं. त्यानं कपाटाच्या तळातून एक काळी, जड, लोखंडासारखी वस्तू काढली. निकॉनची जुनी झूम लेन्स. कुण्या जुन्या वार्ताहरानं आयुष्यभर वापरलेली, काळा रंग बोटांच्या जागी घासून पितळ दिसायला लागलेलं.

"दीदी, काच एकदम साफ है," हेमेंद्र म्हणाला. "बस, बॉडी कॅनन की और लेन्स निकॉन की. बीच में ये रिंग लगानी पडेगी. इंटरकास्ट शादी समझ लो."

"आमच्या घरी दोन झाल्या," शामकलाबाई म्हणाल्या. "दोनी चांगल्या नांदून राहिल्या. लाव रिंग."

हेमेंद्रनं रिंग लावली, लेन्स चढवली आणि अटी सांगितल्या. या कॅमेऱ्याला कळणारच नाही की आपल्याला लेन्स लावली आहे. उजेड किती घ्यायचा ते लेन्सवरच्या कडीनं हातानं ठरवायचं. नजर जुळवायची तीही हातानं. कॅमेऱ्याच्या खिडकीत आकड्याच्या जागी नुसती शून्यं दिसतील, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कॅननची कडी जिकडे फिरवल्यावर लांबचं दिसतं, त्याच्या बरोबर उलट निकॉनची फिरते.

नाटकाच्या धंद्यात कधी कधी ऐन वेळी दुसऱ्या मंडळाचा नट उभा करावा लागतो. या मंडळींच्या खाणाखुणा त्याला ठाऊक नसतात. पेटीवाला सूर कुठं धरतो, नायिका कोणत्या शब्दावर वळते, काही माहीत नसतं. मंडळीही त्याला ओळख देत नाहीत. पण नट जातिवंत असला आणि समोरच्यानं थोडं सांभाळून घेतलं, तर त्या रात्रीचा प्रयोग वेगळाच रंगतो. शामकलाबाईंनी त्या लेन्सला असं सांभाळून घेतलं. झूमची नळी खाली झुकली की आपोआप घसरायची, म्हणून तिला सायकलच्या ट्यूबचा एक पट्टा चढवला. आणि उलट्या कडीचा सराव सुरू केला. सकाळी शटर उघडलं की दारात बसायचं आणि पानठेल्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मिश्या साफ दिसेपर्यंत कडी फिरवायची. पहिले दिवस तर हात सवयीनं उजवीकडे जायचा आणि मिश्या विरघळून जायच्या. पानठेलेवाला ओरडायचा, "मावशी, माहं गिऱ्हाईक भेऊन राहिलं." मावशी म्हणायच्या, "उधारीवालं आसंल." हळूहळू बोटांनी नवी दिशा लक्षात घेतली. तेंदूपानानं शिकवलेली बोटं ती.

आणि काय चेहरे आणले त्या लेन्सनं. मांडवाच्या एका टोकाला उभं राहायचं आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाचा त्याला पत्ताही लागू न देता फोटो घ्यायचा. रंग जरा मवाळ येत, जुन्या साडीसारखे, पण माणूस खरा येई.

सौंदडजवळच्या एका गावात अशाच एका लग्नात त्यांनी नवरीच्या आजीला टिपलं. म्हातारी चुलीजवळ बसली होती, दोन्ही हात पिठानं माखलेले. कपाळावर आलेले केस तिनं मनगटाच्या मागच्या बाजूनं वर सारले, आणि पदर घसरू नये म्हणून त्याचं टोक दातांत धरलं. नेमका तेव्हा खटका. ही आजी म्हणजे भागीरथाबाई लांजेवार.

अल्बम द्यायला शामकलाबाई गेल्या, तेव्हा भागीरथाबाईंनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला.

"हा कवा काढला वो? माले तं मालूमच नाई पडलं."

"दुरून काढला मावशी. हे लांबची लेन्स हाये."

म्हातारीनं आजूबाजूला पाहिलं. घरात कुणी नाही याची खात्री केली आणि शामकलाबाईंचा हात धरला. "तं मंग माहं एक काम कर. आमच्या बुढ्याचा फोटो काढ. दंडारीतला. त्याले मालूम पडू देऊ नोको."

हे काम सोपं नव्हतं, आणि का ते सांगायला हवं.

भागीरथाबाईंचे यजमान केशोराव हे दंडारीतले, म्हणजे झाडीपट्टीतल्या लोकनाट्यातले, नावाजलेले कलाकार. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात, आणि मंडईच्या मैदानात भर दुपारी दंडार उभी राहते. सगळे पुरुषच, बायकांची सोंगंही पुरुषच घेणार. केशोरावांचं सोंग सगुणेचं. सगुणा ही एका शेतकऱ्याची बायको. नवरा घर सोडून हिंडत असतो आणि ती उंबऱ्यात बसून त्याची वाट पाहते. वाट पाहता पाहता तांदूळ निवडते, त्याला शिव्या देते, देवाला शिव्या देते, आणि तो आला की काही न बोलता ताट वाढते. एवढंच. पण त्या ताट वाढण्यावर बाप्ये माणसं रडत.

या सोंगाचा एकही फोटो नव्हता. फार वर्षांपूर्वी कुणीतरी ऐन रडण्याच्या जागी तोंडावर फ्लॅश मारला, केशोरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, ते अडखळले आणि लोक हसले. तेव्हापासून कॅमेरा दिसला की सगुणा उठून आत जायची. मोबाईल आले तसा गावानंच रिवाज घालून घेतला. सगुणा येण्याआधी ढोलकी थांबते, मंडळाचा म्होरक्या भोजराज पुढे येतो आणि म्हणतो, "मोबाईल खिशात." सारं मैदान एका आवाजात उत्तर देतं, "डोरे समोर." डोरे म्हणजे डोळे. कुणी तो रिवाज मोडत नाही. पोरंसुद्धा नाही.

आणि दुसरी अट घरातली. लग्न झालं त्या वर्षीच केशोरावांनी बायकोला सांगून ठेवलं होतं, "तू समोर बसलीस तं माह्यानं सगुणा होनार नाई." भागीरथाबाईंनी ते पाळलं. मंडईच्या दिवशी सारं गाव मैदानात, आणि त्या घरी पाहुण्यांचे वडे तळत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका टोमणे मारायच्या, "काऊन वो भागीरथा, काल लय कोपली होतीस?" कधी म्हणायच्या, "किती रडवतेस वो आमाले." या टोमण्यांचा अर्थ त्यांना कधी लागला नाही. गाव चेष्टेखोर आहे, असं म्हणून त्या घागर उचलायच्या.

"औंदा आखरी हाये," भागीरथाबाई म्हणाल्या. "गुडघे गेले त्याचे. पुढच्या मंडईले सगुणा नाई. सारा जलम साऱ्या दुनियेनं पायली, मी नाई पायली. एक फोटो दे माय. पेटीत ठेवीन."

शामकलाबाईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "देईन," त्या म्हणाल्या.

मंडईच्या दिवशी त्या सकाळीच गावात पोचल्या. बेत साधा होता. मैदानाच्या एका अंगाला शाळा. दिवाळीची सुट्टी, गच्ची रिकामी. गच्चीवरून लेन्स ताणायची, म्हाताऱ्याला कळणारही नाही. त्या वर गेल्या, कठड्याला कोपर टेकलं आणि दंडारीच्या मांडवावरच्या कापडी फलकाकडे लेन्स धरली.

फलक धुरकट.

कडी फिरवली. आणखी धुरकट. उलटी फिरवली, पार शेवटच्या टोकापर्यंत. अक्षरं जवळ आल्यासारखी झाली आणि तिथंच थांबली, पाण्याखाली असल्यासारखी. पुढे कडी जाईना. त्यांनी लेन्स काढली, पुसली, परत लावली. तेच. मग त्यांनी लेन्स खाली अंगणातल्या हातपंपाकडे धरली. पंपाच्या दांड्यावरचा गंजसुद्धा स्वच्छ दिसला.

शामकलाबाई मटकन गच्चीवर बसल्या. चूक ध्यानात आली. लेन्स घेतली ती गोंदियाच्या गल्लीत पाहून. सराव केला तो पानठेल्यावर. वापरली ती मांडवात. गल्लीत आणि मांडवात लांब असं काही नसतंच. मधली ती रिंग जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढी जास्त जाड होती. लेन्स बॉडीपासून तेवढी पुढे राहायची, आणि लांबचं सगळं तिच्या आवाक्याबाहेर जायचं. पुढं महिनाभरानं हेमेंद्रनं ती रिंग एका राइस मिलच्या लेथवर घासून आणून दिली, आणि आता त्या लेन्समधून तलावापलीकडच्या बांधावरचा सारसही दिसतो. पण त्या दिवशी लेथ कुठून आणणार? खाली ढोलकीला कणीक लावणं सुरू झालं होतं.

त्या उठल्या आणि खाली आल्या. मैदानात शिरून मांडवाच्या दिशेनं चालत राहिल्या. चार पावलं टाकायची, कॅमेरा डोळ्याला लावायचा, फलक वाचायचा. धूसर. पुढे चालायचं. मैदानाच्या मध्यावर चिंचेचं जुनं झाड आहे. त्या झाडाशी आल्या आणि फलकावरची अक्षरं एकदम कोरल्यासारखी उमटली. तिथून मागे एक पाऊल घेतलं की विरघळायची. चिंचेखाली सारा बायकांचा घोळका बसलेला. लपायला जागा नाही, आणि मांडवातल्या माणसाला चिंचेखालचं लुगडंन् लुगडं दिसणार.

त्या बायकांच्या मधोमध जाऊन बसल्या. शेजारी मंजू होती, भागीरथाबाईंच्या भिंतीला भिंत असलेली, जिभेची तिखट.

"काऊन वो फोटोवाली? इथं का कॅमेरा घेऊन बसून राहिली? केशोकाका उठून जातील ना."

"मालूम हाये. भागीरथामावशीसाठी पाहिजे." शामकलाबाईंनी खरं ते सांगून टाकलं. "औंदा आखरी हाये म्हणे. तिनं एकदाही पायलं नाई."

मंजूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे वळून दोघीतिघींकडे पाहिलं. काहीतरी नजरेनं बोलून झालं. बायका सरकल्या. कुणी डोक्यावरचा पदर पसरला, कुणी पोर मांडीवरून उचलून खांद्यावर घेतलं. शामकलाबाईंच्या भोवती लुगड्यांची एक भिंत उभी राहिली, मधे लेन्सपुरती फट.

"काढ आता," मंजू म्हणाली. "पन तिले दाखवशीन तवा मी असीन हो तिथं. मले तिचं तोंड पाहाचं हाये."

ढोलकी थांबली. भोजराज पुढे आला.

"मोबाईल खिशात."

"डोरे समोर," मैदान म्हणालं.

आणि सगुणा आली. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, तोंडाला पिवळी माती आणि कुंकू. पण उंबरा म्हणून ठेवलेल्या लाकडाच्या ओंडक्यावर ती बसली, आणि केशोराव मैदानातून निघून गेले. मांडीवर सूप घेतलं. तांदूळ निवडता निवडता रस्त्याकडे बघायचं, परत सुपाकडे. शामकलाबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीत ती दोन शून्यं. कडीवर बोटं ठेवली, आणि सरावानं ती बरोबर उलट्या बाजूला वळली. सगुणेचा चेहरा धुक्यातून वर आला.

सगुणेनं उजवा पाय मुडपला. कपाळावरचे केस मनगटाच्या मागच्या बाजूनं वर सारले. आणि पदराचं टोक दातांत धरलं.

 ही बाई शामकलाबाईंनी पाहिलेली होती. याच लेन्समधून, चुलीजवळ. भागीरथाबाईंनी सांगितलेले विहिरीवरचे टोमणे, गावाचं हसणं, मंजूची नजर, सगळं एका दमात कळलं. बोट आपोआप खाली गेलं.

खटाक.

मैदान गप्प असलं की कॅमेऱ्याचा खटका केवढा वाजतो, हे ज्यानं ऐकलं त्यालाच ठाऊक. सगुणेचा सुपातला हात थांबला. भोजराज मांडवाच्या कडेनं उठून उभा राहिला. ढोलकीवाला तोंड उघडं टाकून बघत बसला. बायकांची भिंत हलली, आणि फटीतून काळी लेन्स सगळ्यांना दिसली.

आता सगुणा उठणार, आत जाणार, आणि शेवटची दंडार अर्ध्यावर मोडणार. एका फोटोपायी.  शामकलाबाईंनी कॅमेरा मांडीवर ठेवला, पण लपवला नाही.

सगुणेनं डोळ्यांवर हात आडवा धरला आणि चिंचेकडे निरखून पाहिलं. बोलली ती सगुणाच, केशोराव नव्हेत.

"कोन वो ते? माहा नवरा आला नाई अना फोटोवाली पयले आली?"

मैदान हसलं. या वेळचं हसू जागच्या जागी होतं.

"कोनी धाडलं तुले?" सगुणेनं विचारलं.

शामकलाबाईंनी तोंड उघडण्याआधी मंजूनं ठणकावून सांगितलं, "घरी वडे तरून राहिली ना, तिनं धाडलं."

हसू विरलं.  सूप सगुणेच्या मांडीवर तसंच होतं. तिनं एक तांदूळ उचलला, पाहिला, परत टाकला. रंगमंचावर असे थांबे पैसे देऊन शिकता येत नाहीत. मग ती म्हणाली, "पायली नाई तिनं. खरं हाये." आणि जरा वेळानं, "काढ मंग. नीट काढ."

"काकाजी," शामकलाबाई उठून उभ्या राहिल्या. धंदा तो धंदा. "जरा पुढं या. जरासे मागं सरकले की माह्या लेन्सले दिसत नाई."

"माह्यावानीच बुढी हाये का तुही लेन्स?" सगुणा म्हणाली, आणि ओंडका पायानं ढकलत चार हात पुढे येऊन बसली.

त्यानंतर जे झालं ते त्या मैदानानं आधी कधी पाहिलं नव्हतं. सगुणेनं पुन्हा पहिल्यापासून वाट पाहिली. तांदूळ, शिव्या, रस्ता, मनगट, पदर. नवरा आला, ती काही बोलली नाही, ताट वाढलं. पण या वेळी तिची नजर नवऱ्यावर नव्हती, लेन्समध्ये होती. भोजराज उभ्याचा खाली बसला आणि त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. शामकलाबाई कडी फिरवत होत्या, माणूस पुढे झुकला की इकडे, मागे रेलला की तिकडे, आणि त्या उलट्या सुलट्या दिशांचा त्यांना विचारही करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फोटो घेऊन आल्या. मोठा काढला होता, लाकडी चौकटीत. मंजू ठरल्याप्रमाणे आधीच ओट्यावर येऊन बसली होती. केशोराव आतल्या खोलीत दोर वळत होते, पाठ दाराकडे.

भागीरथाबाईंनी हात पदराला पुसले आणि चौकट मांडीवर घेतली. 

"लुगडं माहं हाये," त्या म्हणाल्या. "मायरातून आणलं होतं. म्या सारी पेटी ढुंडली होती."

मंजू पदरात तोंड घालून हसली.

मग भागीरथाबाईंनी बोट फोटोवरच्या मनगटावर ठेवलं. तिथून पदरावर. तिथून मुडपलेल्या पायावर. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग वेगळाच काही झाला.

"हे तं मी हाव," त्या म्हणाल्या. मंजूकडे पाहिलं. "तुमाले साऱ्यांले मालूम होतं?"

"साऱ्या गावाले," मंजू म्हणाली. "सांगून समजलं असतं का तुले?"

भागीरथाबाईंनी आतल्या खोलीकडे तोंड केलं. "अवो, मी वाट पाहो तवा तुमी घरी कोठं राहा? दंडार घेऊन हिंडत राहा. मंग तुमाले कसं मालूम मी कशी बसतो?"

दोर वळणं थांबलं. 

"एकदा फाटेची, अंधारातली गाडी धरून आलो होतो," केशोराव पाठमोरेच म्हणाले. "तू उंबऱ्यावर बसली होतीस. मी कुडाच्या मागं उभा राहिलो. आत याची हिंमत नाई झाली. तू उठून आत गेलीस, मंग आलो. तुनं काई म्हटलं नाई. ताट वाढलं." मग म्हणाले, "फोटो घरी आला असता तं तुले कळलं असतं ना."

  भागीरथाबाईंनी चौकट भिंतीला टेकवून ठेवली, तिच्याकडे पाठ केली, डोळे पुसले आणि शामकलाबाईंना म्हणाल्या, "कॅमेरा आणला का? माहाही काढ. याच्या बाजूले लावीन. लोकायले समजू दे, खरी कोन ते."

त्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. आणि स्टुलावर बसणारी सारी माणसं करतात तेच त्यांनी केलं. श्वास रोखला, मान ताठ केली, हात मांडीवर ठेवले. शामकलाबाई अंगणाच्या पार टोकाला, कुडाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. गाईच्या दुधाबद्दल विचारावं, असं त्यांच्या मनात आलं. त्याआधीच केशोराव दोर टाकून, गुडघ्यांवर हात देत दारात आले.

"तशी नाई वो," ते म्हणाले. "उजवा पाय मुडप. मान जराशी रस्त्याकडं. अना मनगट..."

"गप राहा," भागीरथाबाई म्हणाल्या. "आता माले मी होनं शिकवता का?"

असं म्हणताना त्यांनी कपाळावरचे केस मनगटानं वर सारले. शामकलाबाईंनी कडी फिरवली.